इंजिनातलं फुलपाखरू

जगात माणसांच्या दोनच जाती आहेत, असं माझं फार दिवसांचं मत आहे. एक ठेवणाऱ्यांची आणि दुसरी काढणाऱ्यांची. बाकीचे सगळे भेद वरवरचे. ठेवणारा माणूस मिठाईच्या पुड्याची दोरी गुंडाळून ठेवतो, छत्रीची मोडकी काडी 'कधी लागेल सांगता येत नाही' म्हणून माळ्यावर टाकतो आणि ती कधीच लागत नाही. काढणारा माणूस दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर भिंतींकडे संशयाने पाहू लागतो. 'ही मधली भिंत काढून टाका, हॉल केवढा होईल!' हे वाक्य चहा येण्यापूर्वीच त्याच्या तोंडून निघतं. त्या भिंतीवर वरचे दोन मजले उभे आहेत, हा तपशील त्याच्या दृष्टीने गौण असतो.

आमच्या लहानपणी डॉक्टरांमध्येसुद्धा काढणाऱ्यांचा पंथ मोठ्या जोरात होता. पोरगं वर्षातून दोनदा खोकलं की टॉन्सिल्स काढले. वर आइस्क्रीम खायला मिळायचं, त्यामुळे पोरंही त्या पंथाला वश असत. पुढे वैद्यकशास्त्राला शंका आली, की देवाने हा अवयव बसवला तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी असावं. तेव्हापासून टॉन्सिल्सना जरा बरे दिवस आले.

हे दोन पंथ सहसा एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदतात. एका पंथाचा नवरा होतो, दुसऱ्याची बायको होते, आणि संसार चालतो. पण मागच्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या इंजिनात चार फुलपाखरं निघाली, आणि दोन्ही पंथांनी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आपापले झेंडे रोवले.

आमची गाडी डिझेलवर चालते. जन्म २०१२ चा. म्हणजे माणसात शाळेत जायचं वय, पण गाड्यांत काशीयात्रेला निघायचं. तिचं आडनाव परदेशी आहे. ते इथे सांगत नाही, कारण घरच्या माणसाचं दुखणं नावानिशी चव्हाट्यावर मांडू नये असं आमच्या आईचं सांगणं होतं. तर कात्रजच्या चढावर एका सकाळी या बाईंनी अंग टाकलं. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, आणि पाय कितीही दाबला तरी गाडी वरातीतल्या घोड्याच्या चालीने चालू लागली.

आमचे फिटर, ज्यांना सगळी पेठ 'उस्ताद' म्हणून ओळखते, त्यांनी स्टिअरिंगच्या खाली एक वायर खोचली आणि हातातल्या पाटीवर बघून जाहीर केलं, "पी दो हजार पंधरा."

"बारा सालची आहे हो ती," मागच्या सीटवरून सौभाग्यवतींनी दुरुस्ती केली.

तो पासिंगचा आकडा नव्हता, तो रोगाचा आकडा होता. हल्ली गाड्यांची दुखणी अशा अक्षर-आकड्यांत सांगायची रीत आहे. पी २००४ म्हणजे फुलपाखरं उघडी राहून अडकली. पी २००६ म्हणजे मिटून अडकली. आणि पी २०१५ म्हणजे फुलपाखरू नक्की कुठे आहे, याबद्दल ते पाहणाऱ्या सेन्सरचं सांगणं कॉम्प्युटरला पटत नाही. थोडक्यात, घरातलं माणूस कुठे गेलंय हे कुणालाच धड ठाऊक नाही आणि म्हणून सगळ्यांची कामं खोळंबली आहेत.

आता हे फुलपाखरू म्हणजे काय, हे सांगायला हवं. नाहीतर वाचकहो, आपण रेडिएटरच्या जाळीत अडकलेल्या एखाद्या दुर्दैवी जीवाची कल्पना करून हळहळत बसाल.

आमच्या पिढीला खरं तर ही वस्तू नवी नाही. प्रीमियर पद्मिनी नावाची जी गाडी एके काळी आपल्याकडे घराघरांच्या स्वप्नात असे, तिच्या डॅशबोर्डवर चोकची एक दांडी असायची. थंडीच्या सकाळी ती ओढायची. मग कार्ब्युरेटरच्या तोंडावर एक गोल चकती आडवी व्हायची, हवा कमी आणि पेट्रोल जास्त जायचं, आणि गाडी दोनदा खोकून सुरू व्हायची. मधोमध दांडा आणि दोन बाजूंना दोन अर्धगोल पंख, अशी ती चकती. दांडा फिरला की पंख उघडतात, फिरला की मिटतात. म्हणून तिला बटरफ्लाय व्हॉल्व्ह म्हणतात. कुणा इंजिनिअरने इंजिनातल्या वस्तूला दिलेलं एवढं नाजूक नाव दुसरं नसेल. गॅरेजात मात्र तिला नुसतं 'फ्लॅप' म्हणतात. कवितेला गॅरेजात जागा नसते.

आमच्या गाडीतली फुलपाखरं इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यात, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये राहतात. चार सिलिंडर, चार फुलपाखरं, चारही एकाच दांड्याला ओवलेली, आणि दांडा फिरवायला टोकाला एक छोटी मोटर. प्रत्येक सिलिंडरला हवा यायला दोन वाटा असतात. मंगल कार्यालयाला दोन दारं असतात, तशा. मुहूर्तावर गर्दी उसळली की दोन्ही दारं सताड उघडावी लागतात. पण सकाळी दहाला चार पाहुणे येत असतील, तर शहाणा यजमान एक दार लावून घेतो. मग सगळे एकाच दाराने लगबगीने आत येतात, आणि कोण आलं कोण गेलं हे कळतं. फुलपाखरू हेच करतं. गाडी हळू चालली असताना ते एक वाट मिटून घेतं, दुसऱ्या वाटेने हवा वेगाने आत घुसते आणि सिलिंडरमध्ये गोल गोल फिरू लागते. रवीने ताक घुसळावं तशी ही हवा डिझेलचे तुषार घुसळते. डिझेल सगळीकडून जळतं, काजळी कमी होते. गाडी पळू लागली की फुलपाखरू पंख उघडून बाजूला होतं.

या घुसळण्याला एवढं महत्त्व का, हे एका हिशेबावरून कळेल. एक लिटर डिझेल पुरतं जळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. पंपावर आपण डिझेलच्या भावावरून भांडतो, आणि इंजिन मात्र दहा हजार लिटर हवा फुकट ओढतं. त्या हवेचं बिल येत नाही, म्हणून ती नीट मिसळली की नाही याची चौकशी कुणी करत नाही.

बरं, इतकी गुणी वस्तू बिघडते कशी? तर दुसऱ्या एका गुणी वस्तूमुळे. इंजिनाने सोडलेला धूर थोडा परत इंजिनातच घालायचा, म्हणजे आतली आग जरा मंदावते आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं कमी बनतात, अशी एक योजना आहे. तिला ईजीआर म्हणतात. योजना उत्तमच. पण त्या उष्ट्या धुरातली काजळी आणि इंजिनाच्या पोटातून येणारी तेलाची वाफ मॅनिफोल्डमध्ये भेटतात आणि त्यांचं डांबर होतं. ते डांबर फुलपाखरांच्या पंखांवर बसतं, दांड्याच्या सांध्यात शिरतं. म्हणजे हवा शुद्ध ठेवायला नेमलेल्या एका सदस्याने त्याच कामावर नेमलेल्या दुसऱ्या सदस्याचं तोंड काळं केलं. ज्यांनी कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर काम केलंय, त्यांना यात नवल वाटायचं नाही.

निदान झालं. आता प्रश्न आला, की ठेवायचं की काढायचं?

काढणाऱ्या पंथाचे अध्वर्यू आमचे मेहुणे. कोल्हापूरला असतात. कोल्हापूरच्या माणसाला मधलं काही चालत नाही. मटणात नाही आणि मतातही नाही. फोनवर माझं वाक्य पुरं होण्याआधीच ते गरजले, "दाजी, काढून टाका की ते! मी माझ्या गाडीतलं दोन वर्षांमागंच काढलंय. काय सुदिक फरक पडत न्हाई बघा. परवा खंबाटकी ओलांडली आन् जी सोडली, ती साताऱ्यातच थांबवली."

दुसरे काढे आमचा भाचा. तो कॉम्प्युटरवाला. त्याची पद्धत अहिंसक आहे. "मामा, फुलपाखरांना हातच लावायचा नाही. फक्त गाडीच्या कॉम्प्युटरला विसरायला लावायचं, की आपल्याकडे फुलपाखरं आहेत म्हणून. दहा मिनिटांचं काम." स्वतःचे अवयव विसरून सुखाने जगणाऱ्या गाडीच्या कल्पनेने मी जरा हादरलो. पण भाच्याच्या मते हेच खरं अध्यात्म.

तिसरा वार परदेशातून आला. भाच्याचा एक मित्र जर्मनीत असतो, त्याने रात्री फोनवर अर्धा तास कथा सांगितली. ती कथा ऐकून माझी झोप उडाली, आणि ती खोटी नसल्यामुळे पुन्हा लागली नाही. तिकडे बी.एम.डब्ल्यू.ची एम ४७ आणि एम ५७ या नावांची डिझेल इंजिनं आहेत. एकात चार सिलिंडर, दुसऱ्यात सहा. एरवी लाखो किलोमीटर पळणारी, सोन्यासारखी इंजिनं. पण त्यांच्या जुन्या रचनेत फुलपाखरू धातूचं आणि बारीक स्क्रूंनी दांड्यावर बसवलेलं. वर्षानुवर्षं थरथरून स्क्रू सैल होतो, किंवा दांडाच थकून तुटतो, आणि तो तुकडा हवेबरोबर थेट सिलिंडरमध्ये. आत पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्या आणि छताच्या मध्ये उरते जेमतेम एक मिलिमीटरची फट. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर तो पिस्टन सेकंदाला तेहतीस वेळा वर येतो. आता त्या फटीत एक स्क्रू ठेवून पाहा. पिस्टन गेला, व्हॉल्व्ह गेले, आणि उरलेला चुरा बाहेर पडता पडता टर्बोला भेटून गेला. म्हणून तिकडचे लोक आधीच फुलपाखरं काढतात आणि त्या भोकांवर अॅल्युमिनियमच्या चकत्या बसवतात. २२ मिलिमीटर आणि ३३ मिलिमीटर अशा दोन मापांत त्या तयार मिळतात. ज्या वस्तूचं औषध मापानुसार विकायला ठेवावं लागतं, तो आजार काल्पनिक कसा म्हणावा?

इतकं झाल्यावर काढणाऱ्यांचं पारडं जमिनीला टेकलं, हे सांगायला नकोच.

ठेवणाऱ्यांच्या बाजूने पहिले उभे राहिले आमच्याच इमारतीतले आप्पा. कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण कलमं अजून निवृत्त झालेली नाहीत. "मोटार वाहन कायदा, १९८८. कलम ५२," चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सुरुवात केली. "निर्मात्याने मुळात नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला वाहनात करता येत नाही."

"पण आप्पा, हे बोनेटच्या आत, मॅनिफोल्डच्या पोटात असतं. दिसणार कुणाला?"

"चोरीचा माल पोटात असला तरी चोरीचाच," आप्पा म्हणाले आणि चष्मा खाली आणला. सुनावणी संपली.

"आणि पीयूसी?" मी भाच्याला विचारलं. तो हसला. डिझेल गाडीच्या पीयूसीत पाय दाबून इंजिन भरधाव फिरवतात आणि निघालेला धूर किती दाट आहे एवढं मोजतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची त्यात विचारपूस नाही. आणि इंजिन भरधाव फिरताना फुलपाखरू असलं तरी पंख उघडून बाजूलाच उभं असतं. म्हणजे ज्या वेळी ते काम करतं, त्या वेळी परीक्षक नसतो, आणि परीक्षक असतो त्या वेळी त्याला सुट्टी असते. आमच्या ऑफिसात असे दोघे-तिघे होते. फरक इतकाच, की ते परीक्षक आला की काम करायचे.

इथेच माझ्या मनात एक किडा वळवळला. मेहुण्यांचा 'काय सुदिक फरक पडत न्हाई' हा अनुभव कुठला? तर खंबाटकीच्या पलीकडचा. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, मोकळ्या महामार्गावर. तिथे फुलपाखरू असूनही कामावर नसतं. रात्री बारा वाजता पोस्टात जाऊन 'पोस्टमन नसला तरी काही अडत नाही' असा निष्कर्ष काढण्यासारखंच हे. फुलपाखराची ड्यूटी दुसऱ्या गिअरमध्ये असते. स्वारगेटच्या सिग्नलला, सिंहगड रस्त्यावरच्या रांगेत, स्पीडब्रेकरवरून उठताना. पुण्यात राहणाऱ्या गाडीची सगळी हयातच दुसऱ्या गिअरमध्ये जाते. आमच्याकडे फुलपाखराला हक्काची रजासुद्धा मिळत नसणार.

मी घरात हा मुद्दा मांडला. सौ. भाजी निवडत होती. तिने माझ्याकडे न बघता एकच प्रश्न विचारला.

"अहो, पण कंपनीने ती फुलपाखरं बसवली कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? इंजिनासाठी."

"इंजिन तर त्यांच्याशिवाय चालतं म्हणताय. दादाची गाडी पळतेच आहे की. मग ती आहेत कुणासाठी?"

बायकांचे प्रश्न असे साधे असतात, म्हणूनच त्यांना उत्तरं नसतात. मी विचार करू लागलो. फुलपाखरू काढलं, तर मालकाचं काय जातं? हळू चालताना थोडी ओढ कमी होते, थोडं डिझेल वाया जातं. बस. उलट त्याची पुढची सगळी कटकट मिटते. मग उरलेलं नुकसान जातं कुठे? ते धुराड्याच्या नळीतून मागे जातं. गाडीच्या मागे कोण असतं? सिग्नलला तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटरवर बसलेली मुलगी. आठ दप्तरं आणि दहा पोरं भरलेली शाळेची रिक्षा. म्हणजे गाडी माझी, फुलपाखरू माझं, पैसे माझे, आणि ते राबतंय मात्र माझ्यामागे उभ्या असलेल्या, मला कधी तोंडही न दिसणाऱ्या माणसासाठी. एवढा वेळ आम्ही जो वाद घालत होतो, त्यात फुलपाखराचा खरा यजमान हजरच नव्हता.

त्या यजमानांपैकी एक मात्र रोज माझ्या ओळखीचा होता. आमच्या इमारतीचे रखवालदार काका. बीडकडचे. माझी गाडी जिथे लागते, तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर त्यांची खुर्ची असते. रोज सकाळी मी गाडी सुरू केली की ते शांतपणे उठतात, खुर्ची उचलतात, थेट फाटकाजवळच्या पिंपळाखाली नेऊन ठेवतात, आणि गाडी गेली की परत आणतात. इतकी वर्षं हे नमस्कारासारखं चालू होतं. आदराने उठतात, अशी माझी भाबडी नव्हे, पण सोयीची समजूत होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरळच विचारलं, "काका, आमच्या गाडीचा त्रास होतो का हो तुम्हाला?"

काका संकोचले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "तसं काई नाई साहेब. गाडी म्हनल्यावर धूर येनारच. फकस्त चालू करायच्या आदी एक हाक मारत जा. म्हंजी कप आत ठिवता येतो."

कप. चहाचा कप. कायद्याचं कलम, जर्मनीतला स्क्रू, खंबाटकीचा घाट, या सगळ्यांवर मी काही ना काही उत्तर तयार ठेवलं होतं. कपावर नव्हतं.

मी उस्तादांकडे गेलो. त्यांनी माझी सगळी परिषद शांतपणे ऐकून घेतली, हात कापसाला पुसले आणि म्हणाले, "साब, त्या जर्मन गाडीवाल्याचं बरोबर आहे. तिकडे लोखंडी फुलपाखरू, स्क्रूवर. तुटलं तर इंजिन खातं. तशी गाडी माझ्याकडे आली तर मी पण सांगतो, एक तर वेळेत नवं टाका, नाहीतर काढा, पण जुनं आत ठेवू नका. तुमच्यात प्लॅस्टिकचं आहे. आत पडायची भीती त्या मानाने कमी. तुमचा रोग फुलपाखराचा नाहीच, खुट्टीचा आहे. मोटरचा दांडा जिथे जोडलाय, तो सांधा झिजलाय. फुलपाखरू मर्यादेबाहेर फिरतं, सेन्सर बोंब मारतो. दुसऱ्याचं अपेंडिक्स फुटलं म्हणून तुम्ही कशाला पोट फाडून घेता? आणि गुडघा दुखतो म्हणून पाय कोण काढतं?"

उस्ताद वैद्यकीय महाविद्यालयात गेले असते, तर महाराष्ट्रातले निम्मे टॉन्सिल्स वाचले असते.

मग त्यांनी तीन वाटा दाखवल्या. पहिली, सांध्याला बाहेरून धातूचा एक छोटा तुकडा लावायचा, म्हणजे दांडा जास्त फिरत नाही आणि सेन्सर गप्प बसतो. स्वस्त, पण झिजलेलं झिजलेलंच राहतं. दुसरी, मॅनिफोल्ड उतरवून आतलं डांबर खरवडून स्वच्छ करायचं. हे सांधा बरा असेल तर पुरतं. तिसरी, अख्खा मॅनिफोल्ड नवा. कारण फुलपाखरं सुटी मिळत नाहीत. मोत्याची नथ दुरुस्तीला नेली की सोनार नवीच नथ दाखवतो, तसं हे. किंमत पाच आकडी. पहिला आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो, उरलेले चार मला बसूनच ऐकावे लागले.

"आणि काढायचंच म्हटलं तर?"

"काढतो की. आपलं काय? पण तुमच्या मोटरला सेन्सर आहे, म्हणजे कॉम्प्युटर पण बदलावा लागणार. आज इथे खोटं सांगितलं, की उद्या तिथे. २०२० नंतरच्या बी.एस. ६ गाड्यांत तर धुराच्या वाटेवर काजळी गाळायचा फिल्टर असतो. फुलपाखरू काढलं की काजळी वाढणार, फिल्टर तुंबणार. मग म्हणणार, उस्ताद, फिल्टर पण काढा. मग त्याचा सेन्सर काढा. काढता काढता शेवटी गाडीत तुम्ही आणि हॉर्न एवढंच उरतं."

हे वाक्य मी घरी जाऊन सौ.ला ऐकवलं. तिने माळ्याकडे एक नजर टाकली. माळ्यावर मोडक्या छत्रीच्या काड्या होत्या. पण या वेळी ती काही बोलली नाही. तिने दिवाळीला घ्यायच्या सोफ्याचं चित्र कपाटाच्या दारावरून काढलं आणि घडी घालून पोथीत ठेवलं. ठेवणाऱ्यांचा पंथ असा न बोलता जिंकतो.

नवा मॅनिफोल्ड नाना पेठेतून आला. बसवायला एक दिवस गेला. उस्तादांनी तेलाची वाफ नेणारी नळी साफ केली, ईजीआर खरवडून दिला, आणि पथ्यं सांगितली. इंजिनात सांगितलेल्याच दर्जाचं तेल, तेही वेळच्या वेळी. रोज चार किलोमीटरची भाजीमंडई करू नका, पंधरवड्यातून एकदा तरी गाडीला लांब फिरवून आणा, म्हणजे तिला धाप लागेल आणि छाती मोकळी होईल. हीच पथ्यं मला आमच्या डॉक्टरांनी त्याच महिन्यात सांगितली होती. फक्त ती फुकट नव्हती.

जुना मॅनिफोल्ड उस्तादांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती दिला. आतून तो इतका काळा होता, की कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघराचं धुराडं वाटावं. त्यातली चारही फुलपाखरं शाबूत होती, पंख मिटून बसलेली. मी तो माळ्यावर ठेवला. कधी लागेल सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात मेहुणे कोल्हापूरहून आले. आल्या आल्या त्यांनी बोनेट उघडायला लावलं, नव्या मॅनिफोल्डकडे वाया गेलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं, आणि विचारलं, "काय दाजी, एवढे पैसे घातलासा. पडला का काय फरक?"

मी काही बोललो नाही. "काका!" अशी एक हाक मारली आणि गाडी सुरू केली. काका उठले. एका हातात कप, दुसऱ्या हातात खुर्ची. जुनी डिझेल गाडी ती, सकाळच्या गारव्यात थोडा धूर टाकणारच. पण पूर्वी पिंपळापर्यंत जाणारी खुर्ची त्यांनी अलीकडेच जिन्यापाशी टेकवली, तीवर बसले आणि चहाचा घोट घेतला.

"पडला की," मी मेहुण्यांना म्हटलं, "चांगला वीस पावलांचा."